आखडलेलें अंग आणि ताणाचा उपचार

सकाळीं जाग येतांच मनुष्य आळोखेपिळोखे देतो. मांजर उठतांच पाठीची कमान करून पुढचे पाय लांबवितें. तान्हें मूल झोपेंतून जागें होतांना मुठी वळून सर्वांग ताणतें. हें त्यांना कोणीं शिकविलेलें नसतें. अंग ताणणें ही देहाची स्वाभाविक गरज असावी असें यावरून वाटतें, व तें बहुतांशीं खरेंहि आहे. परंतु जी गोष्ट स्वाभाविक असते तिच्याविषयीं गैरसमजहि फार असतात. कोणी म्हणतो, ताणल्यानें स्नायु रबरासारखा लांब होतो. कोणी म्हणतो, आखडलेला सांधा एका जोराच्या हिसक्यानें मोकळा होतो. कोणी म्हणतो, म्हातारपणीं ताणण्याच्या भानगडींत पडूंच नये. एकत्र कुटुंबांत टांच दुखणारी गृहिणी, खांदा धरलेले वडील, अर्धांगानें अंथरुणास खिळलेले आजोबा आणि एखादें वाकड्या पावलाचें तान्हें मूल अशीं माणसें एकाच घरांत असूं शकतात, आणि त्या सर्वांना ‘जरा ताणून पाहा’ हा एकच सल्ला मिळतो. तो कोणास लाभतो, कोणास लाभत नाहीं आणि कोणास घातक होतो, याचा विचार आजच्या शास्त्राच्या आधारें करावा, या हेतूनें आम्ही हा विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

स्नायूच्या आंत काय आहे?

स्नायु म्हणजे मांसाचा एकसंध गोळा नव्हे. उसाच्या मोळीप्रमाणें तो अनेक जुडग्यांचा बनलेला असतो. प्रत्येक जुडग्यांत तंतू, प्रत्येक तंतूंत त्याहूनहि बारीक धागे, आणि प्रत्येक धाग्यावर एकापुढें एक मांडलेले असंख्य सूक्ष्म कप्पे अशी ही रचना आहे. या कप्प्यास सार्कोमिअर म्हणतात. त्याची लांबी सुमारें २.५ मायक्रॉन असते. म्हणजे एका मिलिमीटरांत असे ४०० कप्पे मावतात. प्रत्येक कप्प्यांत जाड व बारीक अशा दोन प्रकारच्या सळया एकमेकींत शिरलेल्या असतात. स्नायु आकुंचन पावतो तेव्हां या सळया स्वतः आंखूड होत नाहींत. बारीक सळया जाड सळयांच्या मधून आंत सरकतात, आणि त्यामुळें कप्पा आंखूड होतो. हा सिद्धांत १९५४ सालीं अँड्र्यू हक्सली व रोल्फ नीडरगेर्के यांनीं, आणि त्यांच्याहून स्वतंत्रपणें ह्यू हक्सली व जीन हॅन्सन यांनीं, ‘नेचर’ या नियतकालिकांत मांडला. ताण दिला असतां याच्या उलट घडतें. सळया एकमेकींतून बाहेर सरकतात व कप्पा लांबतो. तो प्रमाणाबाहेर लांबूं नये यासाठीं त्यांत कमानीसारखें काम करणारें एक प्रथिन असतें. टायटिन हें त्याचें नांव. मानवी देहांतील ज्ञात प्रथिनांत तें सर्वांत मोठें होय. ताण सुटतांच हीच कमान कप्प्याला पूर्वस्थितीवर आणते.

आतां दुसरा घटक पाहूं. तंतूंवर, जुडग्यांवर आणि सबंध स्नायूवर पातळ वेष्टणें असतात. संत्र्याची साल काढल्यावर फोडीवरचा पापुद्रा दिसतो, आणि फोड उघडल्यावर आंतल्या रसाच्या प्रत्येक थेंबावर पुनः झिरझिरीत पदर दिसतो, तसाच हा प्रकार आहे. हींच वेष्टणें पुढें एकवटून कंडरा बनते, आणि ती हाडाला चिकटते. हाडास हाड बांधणारे अस्थिबंध हेहि याच जातीचे. या सर्वांस मिळून संयोजी ऊती म्हणतात, आणि तिचें मुख्य द्रव्य म्हणजे कोलॅजन. त्याच्या रेणूची रचना तिपेडी वेणीसारखी आहे, हें मद्रास येथें जी. एन. रामचंद्रन व गोपीनाथ कर्ता यांनीं १९५४ सालीं दाखविलें. भारतीय विज्ञानास भूषणभूत झालेल्या शोधांपैकीं हा एक होय.

कोलॅजनचे धागे विसाव्याच्या स्थितींत सरळ नसतात. नुकत्याच सोडलेल्या वेणीच्या केंसांसारखे ते लहरी असतात. हलका ताण दिला असतां प्रथम या लहरी सरळ होतात, व त्यास फारसा जोर लागत नाहीं. कंडरेच्या लांबींत शेंकडा २ च्या सुमारास वाढ होईपर्यंत हा भाग चालतो. तेथून पुढें मात्र खरा धागाच ताणला जाऊं लागतो व विरोध एकाएकीं वाढतो. शेंकडा ८ ते १० च्या आसपास कंडरा तुटण्याची वेळ येते. यावरून एक गोष्ट ध्यानांत यावी. ज्यास आपण रबर समजतों तें वास्तविक सुंभाच्या दोरासारखें आहे. त्याचा सैलपणा थोडा, आणि बळ फार.

ताण धरून ठेवला असतां काय होतें?

चांगली मळलेली सैल कणीक एकदम ओढली तर तुटते. तीच हळूहळू ओढली तर तार धरते. आपल्या संयोजी ऊतीचा स्वभाव पुष्कळसा तसाच आहे. ती अंशतः कमानीसारखी व अंशतः घट्ट द्रवासारखी वागते; म्हणून ताणाच्या जोराइतकाच, किंबहुना त्याहूनहि अधिक, ताणाच्या वेळाला अर्थ असतो. ठराविक लांबीवर ताण धरून ठेवला तर आंतला विरोध हळूहळू ओसरतो, आणि ठराविक वजन लटकावून ठेवलें तर लांबी हळूहळू वाढते.

सशांच्या स्नायूंवर १९९० सालीं झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगांत लागोपाठ दहा वेळां ताण देण्यांत आला. त्यांत लांबींतील बहुतेक वाढ पहिल्या चार ताणांतच झाली. पुढील सहांनीं फारशी भर घातली नाहीं. तसेंच, ताण धरल्यावर विरोध ओसरतो तोहि मुख्यतः पहिल्या १२ ते १८ सेकंदांतच, असें दिसून आलें. माणसांवरील प्रयोगांत आणखी एक गोष्ट उघड झाली. मांडीच्या मागच्या स्नायूंस ९० सेकंदांचे पांच ताण लागोपाठ दिले तर त्यांचा कडकपणा कमी होतो खरा, परंतु तासाभरांत तो पूर्ववत् होतो. सकाळीं मिळविलेला हा मोकळेपणा दुपारच्या जेवणापर्यंतहि टिकत नाहीं.

तर मग महिनाभर नेमानें ताणणाऱ्याचे हात पायांच्या आंगठ्यांस लागूं लागतात, तें कशामुळें? या प्रश्नाचें उत्तर स्नायूंत नसून मज्जातंतूंत आहे, असें निष्पन्न झालें.

मज्जातंतूंचा पहारा

स्नायूच्या पोटांत चातीच्या आकाराच्या सूक्ष्म ज्ञानेंद्रियांचा पहारा असतो. स्नायु एकाएकीं ताणला गेला कीं हा पहारा मज्जारज्जूस वर्दी देतो, आणि मेंदूला विचारण्यापूर्वींच तेथून हुकूम सुटतो कीं, आकुंचन पाव. डॉक्टर गुडघ्याखालीं लहानशी हातोडी मारतात व पाय उडतो, तो याच क्रियेनें. लिडेल व शेरिंग्टन यांनीं १९२४ सालीं या प्रतिक्षिप्त क्रियेचें वर्णन प्रसिद्ध केलें. शेरिंग्टन यांस पुढें १९३२ सालीं मज्जापेशींच्या कार्यावरील शोधांबद्दल नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. हिसका देऊन अंग मोकळें करूं पाहणारा मनुष्य नेमका याच पहारेकऱ्याला जागा करतो. ज्याला सैल पडावयाचें तोच स्नायु त्यामुळें आवळला जातो. ताण हळू दिला तर हा पहारा फारसा बिथरत नाहीं.

याशिवाय जाणिवेचा भाग आहे. ‘आतां पुरे, याहून अधिक नको’ असें अंग ज्या जागीं सांगतें, ती जागा हाडामांसानें ठरविलेली नसते; बऱ्याच अंशीं ती मेंदूनें ठरविलेली असते. मॅग्नुसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत प्रत्येक व्यक्तीच्या एकाच पायास तीन आठवडे रोज ताण देण्यांत आला व दुसरा पाय तसाच ठेवण्यांत आला. ताण दिलेला पाय अधिक वर जाऊं लागला. परंतु यंत्रानें मापितां त्याच्या स्नायूचा कडकपणा पूर्वींइतकाच भरला. बदल झाला होता तो सोसण्यांत. तोच ताण आतां त्या व्यक्तीस कमी बोचत होता. कित्येक महिने चाललेल्या अभ्यासानें कडकपणांतहि कांहीं फरक पडत असेल. परंतु आरंभींच्या आठवड्यांतील प्रगति मुख्यतः या सहनशक्तीची आहे, असें आज पुष्कळ संशोधक मानतात.

हें ऐकून कोणी निराश होण्याचें कारण नाहीं. ज्याला वाकतांना भीति वाटते व म्हणून जो वाकतच नाहीं, त्याची भीति कमी झाली तर तो हालचाल करूं लागतो; आणि हालचाल हेंच पुढील सर्व आरोग्याचें मूळ आहे.

स्नायु खरोखर वाढतो केव्हां?

स्नायूच्या लांबींत खरा बदल होतच नाहीं, असें मात्र नव्हे. तो होतो, पण त्यास घटकेचा ताण पुरत नाहीं. फ्रान्समधील टाबारी यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह १९७२ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग या शास्त्रांतील मैलाचा दगड मानला जातो. त्यांनीं मांजरांच्या पोटरीचा एक स्नायु चार आठवडे प्लास्टरमध्यें ठेवला. ज्यांचा स्नायु आंखूड स्थितींत बांधला होता त्यांच्या तंतूंतील शेंकडा ४० कप्पे नाहींसे झाले. ज्यांचा लांब स्थितींत बांधला होता त्यांच्या तंतूंत शेंकडा २० च्या सुमारास नवे कप्पे तयार झाले. प्लास्टर काढून हालचाल सुरू झाल्यावर सुमारें चार आठवड्यांत दोन्ही प्रकारचे स्नायू मूळपदावर आले.

या प्रयोगाचा अर्थ नीट समजून घेण्यासारखा आहे. स्नायु हा पोलादी तारेसारखा निर्जीव नाहीं. ज्या लांबींत त्याला दिवसरात्र राहावें लागतें त्या लांबीस योग्य असें तो आपलें घर पुनः बांधून घेतो. गुडघ्याखालीं उशी ठेवून महिनोन् महिने निजून राहणाऱ्या वृद्धाचा गुडघा सरळ होईनासा होतो, त्याचें कारण हेंच. उशी मायेनें दिलेली असते, परंतु स्नायु तिला कायमचा हुकूम समजतो.

सुदैवानें याच्या उलट बाजूचाहि पुरावा आहे. विल्यम्स यांनीं १९९० सालीं उंदरांवर प्रयोग करून दाखविलें कीं, आंखूड स्थितींत बांधलेल्या स्नायूचें बंधन रोज काढून त्यास केवळ अर्धा तास ताण दिला तरी कप्प्यांचा नाश टळतो. उंदराचा नियम माणसास जसाच्या तसा लावतां येणार नाहीं. तथापि आखडल्यावर सोडविण्यापेक्षां आखडूं न देणें सोपें, एवढा बोध त्यापासून घेण्यास हरकत नाहीं.

एका वाकड्या पावलाची कथा

ताणाच्या उपचाराचें सर्वांत सुंदर उदाहरण पाहावयाचें असेल तर तें तान्ह्या मुलाच्या पावलांत पाहावें. हजारांत सुमारें एक मूल असें जन्मतें कीं, त्याचें एक किंवा दोन्ही पावलें आंत व खालीं वळलेलीं असतात. तसेंच वाढूं दिलें तर तें मूल पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालतें, आणि जन्मभर चालणें हीच त्याची शिक्षा होते. आपल्याकडे अशा वेळीं गरोदरपणीं ग्रहणांत सुनेनें कांहीं चिरलें किंवा कापलें असावें, असा ठपका अद्यापहि कोठें कोठें ठेवला जातो. ग्रहणाचा याच्याशीं कांहींएक संबंध नाहीं, हें येथें स्पष्ट सांगणें आम्हांस अवश्य वाटतें.

इग्नासिओ पोन्सेटी यांचा जन्म १९१४ सालीं स्पेनच्या मिनोर्का बेटावर झाला. वडिलांचा धंदा घड्याळें दुरुस्त करण्याचा होता, व लहानपणीं मुलगाहि त्यांच्या हाताखालीं काम करी. स्पेनमधील यादवी युद्धांत त्यांनीं जखमींवर उपचार केले. पराभवानंतर फ्रान्स व मेक्सिको असें करीत ते १९४१ सालीं अमेरिकेंतील आयोवा येथें पोंचले. त्या काळीं वाकड्या पावलावर मोठ्या शस्त्रक्रिया करण्याकडे कल होता. पाऊल दिसावयास सरळ होई. परंतु पुढें तें ताठर, दुबळें व दुखरें बने. पोन्सेटी यांनीं विचार केला कीं, तान्ह्या मुलाचे अस्थिबंध लहरी कोलॅजनचे आहेत. ते योग्य दिशेनें, हळुवार व वारंवार ताणले तर फाडण्याची गरजच काय?

त्यांची रीत अशी. घोट्याच्या पुढें जो हाडाचा उंचवटा लागतो त्यावर आंगठा टेकवून तेथें आधार द्यावयाचा, व बाकीचें पाऊल त्याभोंवतीं हळूहळू बाहेर फिरवावयाचें. मिनिटभर असें सांभाळून ताणल्यावर, जेवढें सुटलें तेवढें धरून ठेवण्यासाठीं बोटांपासून जांघेपर्यंत प्लास्टर घालावयाचें. पांच-सात दिवसांत ऊती त्या नव्या स्थितीस रुळते. मग प्लास्टर काढून पुनः थोडें फिरवावयाचें, पुनः प्लास्टर. साधारणतः पांच-सहा प्लास्टरांत पाऊल सरळ होतें. घड्याळाचीं चाकें हाताळावयास शिकलेल्या बोटांस शोभेल असेंच हें काम आहे.

परंतु या कथेंतील दोन गोष्टींकडे आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधूं इच्छितों. पहिली ही कीं, ताणाच्या या थोर पुरस्कर्त्यानें ताणाची मर्यादाहि ओळखली होती. टांचेमागची जाड कंडरा अस्थिबंधांसारखी लांबत नाहीं, हें पाहून बहुसंख्य मुलांत ते ती एका लहानशा छेदानें सोडवीत, व शेवटचें प्लास्टर तीन आठवडे ठेवीत. तेवढ्यांत तान्ह्या मुलाची कंडरा अधिक लांबींत पुनः सांधली जाते. जें ताणानें सुटत नाहीं तें ताणानेंच सोडविण्याचा हट्ट त्यांनीं धरला नाहीं.

दुसरी गोष्ट घरच्या मंडळींची आहे. पाऊल सरळ झाल्यावर उपचार संपत नाहीं. दोन बूट एका दांडीला जोडलेले असतात. ते पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर, व पुढें मूल चार वर्षांचें होईपर्यंत रात्रीं व झोपेच्या वेळीं घालावे लागतात. ऊतीला आपलें जुनें वळण आठवत राहतें. रात्रीं मूल रडलें, आजीच्या पोटांत कालवलें आणि बूट सोडला, असें वारंवार घडलें कीं पाऊल पुनः वळूं लागतें. पाऊल उलटण्याचें सर्वांत मोठें कारण हेंच आढळून आलें आहे. वैद्यानें सहा आठवड्यांत मिळवून दिलेलें टिकविण्यास घरानें चार वर्षें जागावें लागतें. आजीची माया या कामीं अडसर न होतां आधार झाली, तर एकट्या सुनेवर हा भार पडत नाहीं.

पोन्सेटी यांचा पहिला मोठा लेख १९६३ सालीं प्रसिद्ध झाला. पण त्याकडे कित्येक वर्षें कोणी फारसें पाहिलें नाहीं. १९९५ सालीं, तीस वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या त्यांच्या जुन्या रुग्णांची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हां शेंकडा ७८ जणांचीं पावलें चांगलीं किंवा उत्कृष्ट काम देत असल्याचें दिसलें. त्यानंतर ही रीत जगभर पसरली. पोन्सेटी २००९ सालीं, वयाच्या ९५ व्या वर्षीं वारले. आज भारतांतहि अनेक सरकारी रुग्णालयांत हा उपचार होतो, आणि २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादींत वाकड्या पावलाचा समावेश आहे. म्हणून असें मूल जन्मल्यास ‘मालिशवालीच्या हातानें सरळ होईल’ किंवा ‘जरा मोठें होऊं दे’ असें म्हणत दिवस घालवूं नयेत. चुकीच्या जागीं आधार देऊन पाऊल नुसतें बाहेर रेटलें तर तें मध्येंच मोडल्यासारखें होतें. पहिल्या कांहीं आठवड्यांतच जाणत्या अस्थिवैद्याकडे जावें.

जेथें ताण पुरत नाहीं

अर्धांगानंतर हाताची मूठ आवळलेली राहते व घरची माणसें ती रोज उघडून ताणतात. हें दृश्य पुष्कळ घरांत दिसतें. या विषयावरील ४९ अभ्यासांचा एकत्र आढावा कॉक्रेन संस्थेनें २०१७ सालीं प्रसिद्ध केला. मेंदूच्या वा मज्जारज्जूच्या विकारांत सात महिन्यांहून कमी काळ दिलेल्या ताणानें सांध्याच्या हालचालींत पडणारा फरक सरासरीनें सुमारें २ अंशांचा, म्हणजे व्यवहारांत न जाणवण्याजोगा, असा त्याचा निष्कर्ष होता.

हा निष्कर्ष कटु आहे, पण तो दडवून ठेवण्यांत रुग्णाचें हित नाहीं. यावरून सेवा सोडावी असा अर्थ कोणीं काढूं नये. बोटें उघडून तळहात स्वच्छ करणें व कूस पालटणें हीं तर केलींच पाहिजेत. पायाचा कोन नीट राखण्याविषयीं व्यायामोपचारतज्ज्ञ सांगतील तसें करावें. परंतु घरांतील माणसाजवळ दिवसाकाठीं एकच तास असेल, तर तो सर्व निपचित अंग ताणण्यांत न घालवितां, रुग्णाकडून जी थोडीबहुत हालचाल स्वतः होते ती करवून घेण्यांत, बसविण्यांत व उभें करण्यांत अधिक खर्चावा, आणि त्याची आंखणी तज्ज्ञास विचारून करावी. अर्धांगाचा लुळा खांदा वर ओढणें किंवा त्या हातास धरून रुग्णास उचलणें हें मात्र कटाक्षानें टाळावें. त्या खांद्यास स्नायूंचा आधार नसतो व ओढण्यानें वेदना कायमची जडते.

नेहमींचीं दुखणीं

आतां घराघरांतील साध्या तक्रारींकडे वळूं.

टांचेचें दुखणें: सकाळीं पहिलें पाऊल टेकतांच तळव्यांतून कळ येते, ती पुष्कळदां तळव्याच्या जाड पडद्याच्या विकारामुळें. डिजिओव्हानी यांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या तुलनेंत, पोटरी ताणण्यापेक्षां खुद्द तळवा ताणण्याचा गुण अधिक दिसला. बसून दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यावा, हातानें पायाचीं बोटें नडगीकडे ओढावीं, तळवा ताणला गेल्याचें दुसऱ्या हातानें चांचपावें, व दहा आंकडे मोजेपर्यंत धरावें. असें दहा वेळां, दिवसांतून तीनदां. पहिली खेप अंथरुणावरून उतरण्यापूर्वीं व्हावी. स्वयंपाकघरांत तासन् तास उभ्या राहणाऱ्या स्त्रियांस यांत खर्च कांहींच नाहीं.

गोठलेला खांदा: हा मधुमेही लोकांत अधिक आढळतो. वेणी घालतां येईना, खुंटीवरचा सदरा काढतां येईना, अशी अवस्था होते. मग कोणीतरी बलवान् नातलग हात धरून वर रेटतो. हॉलंडमध्यें ७७ रुग्णांवर केलेल्या व २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या तुलनेंत, वेदनेच्या मर्यादेंत राहून हलकी हालचाल करणाऱ्यांपैकीं शेंकडा ८९ जणांचा खांदा दोन वर्षांत जवळजवळ पूर्ववत् झाला. वेदनेपलीकडे जोरानें ताणलेल्यांत हें प्रमाण शेंकडा ६३ होतें. धीर धरणाराचा येथें प्रत्यक्ष लाभ झाला.

पाठीचें जुनें दुखणें: अमेरिकेंत २२८ प्रौढांना योगासनांचे वर्ग, साध्या ताणाचे वर्ग, किंवा नुसतें एक पुस्तक, असे तीन प्रकार देऊन २०११ सालीं तुलना करण्यांत आली. दोन्ही वर्ग पुस्तकापेक्षां सरस ठरले. परंतु आपसांत योगासनें व साधे ताण यांत विशेष फरक आढळला नाहीं.

हा निकाल महाराष्ट्रीय वाचकांस मननीय वाटेल. कारण आसनांकडे शास्त्रीय दृष्टीनें पाहण्याचा उपक्रम आपल्याच प्रांतांत फार पूर्वीं सुरू झाला. स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें व ‘योगमीमांसा’ हें नियतकालिक काढलें. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधी यांनीं सूर्यनमस्काराचा प्रसार केला. बी. के. एस. अय्यंगार १९३७ सालीं पुण्यास आले. त्यांनीं दोर, पट्टे व लांकडी ठोकळे यांचा आधार देऊन ताठर व दुबळ्या माणसांसहि आसनांत सुखानें स्थिर राहतां येईल अशी सोय केली. वर सांगितलेलें कणकेचें तत्त्व, म्हणजे जोर थोडा आणि वेळ अधिक, त्यांच्या या आधारांत स्पष्ट दिसतें.

उलट, व्यायामानंतर अंग दुखूं नये म्हणून ताणणाऱ्यांस त्यापासून मिळणारा लाभ अगदीं नगण्य असतो, असें कॉक्रेन संस्थेच्या २०११ च्या आढाव्यांत आढळलें. तसेंच धांवण्याच्या किंवा उडीच्या आधीं मिनिटाहून अधिक वेळ एकाच स्नायूस ताण धरून ठेवल्यास त्याचें बळ तेवढ्यापुरतें किंचित् घटतें.

नेम व पथ्य

किती वेळ ताण धरावा? बँडी व इरियन यांनीं १९९४ सालीं तरुणांत १५, ३० व ६० सेकंदांची तुलना केली. ३० सेकंद १५ हून सरस ठरले, पण ६० नीं अधिक कांहीं मिळालें नाहीं. मात्र २००१ सालीं ६५ वर्षांवरील वृद्धांवर तसाच अभ्यास झाला, तेव्हां त्यांस ६० सेकंद अधिक गुणकारी ठरले. वृद्धांनीं ताणूं नये ही समजूत यामुळें खोटी ठरते. त्यांनीं अधिक हळू व अधिक वेळ ताणावें, एवढाच फरक.

प्रथम चार पावलें चालून किंवा अंघोळ करून अंग ऊबदार करावें. ओढ जाणवावी, पण कळ येऊं नये. श्वास कोंडूं नये. हिसके देऊं नयेत. एका अंगास तीन-चार वेळां ताण दिला म्हणजे पुरे. अधिक उत्साह असेल तर तो उद्यांसाठीं राखून ठेवावा. मोडलेलें हाड, सुजलेला लाल सांधा, ताप, पायांत मुंग्या वा बधिरपणा, अथवा फार ठिसूळ झालेलीं हाडें असतील तर डॉक्टरांस विचारल्यावांचून कोणताहि ताण घेऊं नये. पोटरी एकाएकीं सुजून दुखूं लागली तर ती चोळूं वा ताणूं नये, ताबडतोब डॉक्टरांस दाखवावी. शिरेंत रक्ताची गुठळी झाल्याचें तें लक्षण असूं शकतें.

एकत्र कुटुंबाची निंदा हल्लीं पुष्कळ ऐकूं येते. परंतु या उपचाराला जें हवें असतें तें अशा घरांत विपुल असूं शकतें, आणि तें म्हणजे रोज ठराविक वेळीं मोकळे असणारे कोणाचे तरी दोन हात. नातवाच्या बुटाची आठवण आजोबांनीं ठेवावी, आजोबांच्या गुडघ्याखालची उशी नातवानें काढावी, आणि टांच दुखणाऱ्या सुनेस सकाळचीं पांच मिनिटें कोणीं हांक मारूं नये, एवढी वांटणी ज्या घरांत होईल तेथें वर सांगितलेल्या नेमांपैकीं बहुतेक आपोआप पाळले जातील.